रांगेंत गेलेला वेळ



एखादा प्रश्न मनांत येतो, हातांतील फोनवर आपण तो टिपतों, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उत्तर समोर उभें राहतें. हा व्यवहार आतां इतका नित्याचा झाला आहे कीं, त्यांत नवल करण्यासारखें कांहीं आहे, हेंच आपण विसरून गेलों आहों. क्वचित् उत्तराला विलंब झाला, तर आपण सहज म्हणतों, यंत्र फार दूर असेल. वस्तुतः या विलंबाचें कारण पुष्कळदां अंतर हें नसतें. ज्या इमारतींत उत्तर तयार होतें, त्याच इमारतीच्या चार भिंतींच्या आंत तें रांगेंत तिष्ठत उभें राहिलेलें असतें. ही रांग कां वाढते व ती आंखूड कशी ठेवतां येईल, हें ज्यांनीं सप्रमाण दाखवून दिलें, त्यांमध्यें मोहम्मद अलीझादे या संगणकशास्त्रज्ञाचें नांव अग्रभागीं आहे. त्यांच्या संशोधनाची ओळख करून देणें, हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम स्थळाचें वर्णन करणें अवश्य आहे. ज्याला डेटा सेंटर म्हणतात, ती बाहेरून पाहतां एखाद्या मोठ्या गोदामासारखी इमारत असते. आपल्याकडे नव्या मुंबईंत, ऐरोली-महापेच्या बाजूस, अशा इमारती उभ्या आहेत. आंत लोखंडी मांडण्यांच्या ओळी असतात, व प्रत्येक मांडणींत सर्व्हर नांवाचे संगणक एकावर एक रचलेले असतात. मांडणीच्या माथ्यावर स्विच नांवाचें एक उपकरण असतें. मांडणींतील सर्व संगणकांच्या तारा या स्विचाला येऊन मिळतात. तेथून त्या वरच्या मोठ्या स्विचांना जातात. आणि अशा रीतीनें हजारों यंत्रांचें एक जाळें विणलें जातें. या जाळ्यांतून जी माहिती धांवते, ती अखंड धारेसारखी वाहत नाहीं. तिचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता घालून, ते टपालांतल्या पाकिटाप्रमाणें सोडले जातात. असें एक पाकीट सामान्यतः १,५०० बाइटांचें असतें. स्विचाचें काम टपालकचेरींतल्या वांटणीदारासारखें आहे: पत्ता वाचावयाचा व पाकीट योग्य त्या तारेवर चढवावयाचें. एकाच तारेवर जाणारीं पाकिटें एकदम आलीं, तर तीं क्षणभर स्विचाच्या अंगच्या साठवणींत ठेवावीं लागतात. हीच ती रांग होय.

आतां आपला प्रश्न या इमारतींत शिरला म्हणजे काय होतें, तें पाहूं. जगांतील पानांची सूची इतकी अवाढव्य असते कीं, ती एका यंत्रांत मावत नाहीं; ती हजारों यंत्रांत वांटून ठेवलेली असते. प्रश्न आला कीं एक मुख्य यंत्र तो दुय्यम यंत्रांना देतें, व तीं तो आपापल्या हाताखालच्या यंत्रांना देतात. प्रत्येक यंत्र आपल्या वांट्याचा भाग चाळतें व जें सांपडेल तें वर पाठवितें. वर आलेलें सर्व एकत्र करून, त्यांतलें उत्तम तें निवडून आपल्याकडे येतें. या कामाला मुदत असते. विचारणारा माणूस ताटकळूं नये म्हणून वरचें यंत्र खालच्यांना सुमारें १० पासून १०० मिलिसेकंदांपर्यंतची मुदत देतें. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. या मुदतींत ज्याचें उत्तर पोंचलें नाहीं, त्याला वगळून बाकीच्यांच्या आधारें निकाल दिला जातो.

श्रोत्यांनीं या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें, अशी माझी विनंति आहे. रांगेंत विलंब झाला म्हणजे केवळ उत्तर उशिरां येतें, असें नाहीं. पुष्कळदां तें वेळेवरच येतें, पण अपुरें येतें. जें पान आपणांस हवें होतें, तें कदाचित् रांगेंत अडकलेल्या यंत्राजवळ होतें. आणि तें गळलें, हें आपणांस कोणीही सांगत नाहीं. अज्ञात राहिलेली उणीव ही उघड विलंबापेक्षां अधिक वाईट, हें मान्य करावें लागेल.

असें किती वेळां घडत असेल? येथें एक साधें गणित उपयोगी पडतें. गूगलमधील जेफ डीन व लुईझ आंद्रे बारोझो यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लेखांत तें मांडलें आहे. समजा, प्रत्येक यंत्र शंभरांत फक्त एकदांच उशीर करतें. एकट्या यंत्राकडे पाहिलें, तर ही वागणूक चांगलीच म्हणावी लागेल. परंतु एका प्रश्नासाठीं अशा १०० यंत्रांची उत्तरें गोळा करावयाचीं असतील, तर त्यांतील एकानें तरी उशीर करण्याचा संभव शेंकडा ६३ आहे. म्हणजे यंत्रांची संख्या वाढली कीं, जी गोष्ट अपवाद होती, तीच नियम होऊन बसते.

ही रांग वाढते कां, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १९८६ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत एक विलक्षण प्रकार घडला. बर्कली येथील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांच्यामध्यें अंतर केवळ ४०० यार्डांचें. परंतु त्या दोहोंमधील जाळ्याचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला. वेग आठशें पटींनीं उतरला! तारा तुटल्या नव्हत्या कीं यंत्रें बिघडलीं नव्हतीं. पाकिटें गर्दींत गळत होतीं, आणि गळालेलीं पाकिटें प्रत्येक यंत्र पुन्हां पुन्हां पाठवून गर्दींत भरच घालीत होतें. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञानें याचा छडा लावून १९८८ सालीं त्यावर उपाय प्रसिद्ध केला. त्याचें सार असें: पाठविणाऱ्यानें आपला वेग हळूहळू वाढवीत न्यावा, पाकीट गळालें, तर वाटेंत गर्दी झाली असें समजावें, व आपला वेग निम्म्यावर आणावा. टीसीपी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या नियमावलींत हा उपाय समाविष्ट झाला. साऱ्या जगाचें इंटरनेट कोलमडून न पडतां वाढूं शकलें, याचें फार मोठें श्रेय या नियमाकडे जातें.

पण जो नियम महासागर ओलांडणाऱ्या तारांसाठीं योग्य, तोच एका इमारतीच्या आंत योग्य ठरेल, असें कशावरून? काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईपासून न्यूयॉर्क सुमारें १२,५०० किलोमीटर दूर आहे. तेव्हां जाऊन येण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागणारच. तेथें रांगेंत ५-१० मिलिसेकंद अधिक गेले, तरी कोणाला जाणवणारही नाहीं. उलट इमारतीच्या आंत दोनशें मीटरांचें अंतर प्रकाश सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागांत कापतो, आणि यंत्रांचा स्वतःचा वेळ धरूनही जाण्यायेण्यास पाव मिलिसेकंद पुरतो. आतां सेकंदाला शंभर कोटि बिटें नेणाऱ्या तारेच्या तोंडाशीं दहा लक्ष बाइटांची रांग साचली आहे, असें समजा. ती ओसरण्यास ८ मिलिसेकंद लागतील. म्हणजे प्रवासाला पाव मिलिसेकंद आणि दाराशीं खोळंबा त्याच्या बत्तीस पट!

ही रांग लावतें कोण? जाळ्यांतून दोन प्रकारची रहदारी चालते. एक, लहान व तांतडीचे संदेश, दोन-दोन हजार बाइटांचे. हीं आपल्या प्रश्नांचीं उत्तरें. दुसरी, सूची अद्ययावत् ठेवण्यासाठीं चाललेली कोट्यवधि बाइटांची अवजड वाहतूक. तिला घाई अशी नसते. या शास्त्रांतले लोक त्यांना विनोदानें उंदीर व हत्ती म्हणतात. टीसीपीच्या नियमाप्रमाणें हत्ती आपला वेग वाढवीत राहतो, आणि पाकीट गळेपर्यंत, म्हणजे स्विचाची साठवण कांठोकांठ भरेपर्यंत, थांबत नाहीं. मागून आलेला उंदीर त्या रांगेच्या शेवटीं उभा राहतो. साठवण भरली कीं त्याचेंही पाकीट गळतें. रांग लावली हत्तीनें आणि शिक्षा झाली उंदराला. चोर सोडून संन्याशाला फांशी, म्हणतात तें हेंच.

आणखी एक अडचण आहे. चाळीस यंत्रांना एकाच क्षणीं प्रश्न विचारला, तर त्यांचीं उत्तरेंही एकाच क्षणीं निघतात, व एकाच स्विचाच्या एकाच दारावर येऊन थडकतात. कांहीं पाकिटें गळतात. ज्याचें पाकीट गळालें, त्याला तें कळावें कसें? पोंच आली नाहीं, म्हणून तो ठराविक काळ वाट पाहतो. जुन्या नियमांप्रमाणें हा काळ ३०० मिलिसेकंदांसारखा असे. महासागरापारच्या व्यवहाराला तो वाजवी होता; पण पाव मिलिसेकंदाच्या कामासाठीं ३०० मिलिसेकंद वाट पाहणें म्हणजे बाराशें पट काळ फुकट दवडणें होय. तोंवर वरच्या यंत्राची मुदत संपून गेलेली असते.

कोणी म्हणेल, रस्ते वाढवा. तेंही झालें आहे. बेल प्रयोगशाळेंतील चार्ल्स क्लॉस यांनीं १९५३ सालीं टेलिफोनच्या जोडण्यांसाठीं एक रचना सुचविली होती. लहान लहान स्विचांचे अनेक थर रचून कोणत्याही दोन टोकांमध्यें अनेक मार्ग निर्माण करण्याची ती युक्ति. २००८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेंतील अल-फारेस, लूकिसास व अमीन वाहदात यांनीं त्याच जातीची रचना साध्या, स्वस्त स्विचांतून डेटा सेंटरसाठीं कशी उभारतां येते, तें दाखविलें. या रचनेचें महत्त्व मोठें आहे. परंतु रस्ते कितीही असले, तरी चाळीस गाड्यांना शेवटीं एकाच घराच्या दाराशीं यावयाचें असेल, तर त्या दाराशीं रांग लागणारच. दुसरा कोणी म्हणेल, स्विचाची साठवण वाढवा. त्यानें गळती कमी होईल, हें खरें. पण हत्तीला पसरावयास आणखी मोठें अंगण मिळेल आणि उंदरामागचा खोळंबा उलट वाढेल.

या ठिकाणीं अलीझादे व त्यांचे सहकारी पुढें आले. अलीझादे त्या वेळीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत बालाजी प्रभाकर यांच्या मार्गदर्शनाखालीं संशोधन करीत होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधकांबरोबर त्यांनीं सुमारें ६,००० सर्व्हरांच्या चालू जाळ्याचीं मापें घेतलीं, व २०१० सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. तो ज्या परिषदेंत सादर झाला, ती त्या वर्षीं नव्या दिल्लींत भरली होती, आणि निबंधाच्या आठ लेखकांत जितेंद्र पाध्ये असें मराठी कानाला ओळखीचें वाटणारें एक नांव आहे, हें जातां जातां सांगावेंसें वाटतें. त्यांच्या पद्धतीचें नांव डीसीटीसीपी, म्हणजे डेटा सेंटरसाठीं केलेली टीसीपी.

या पद्धतींतील कल्पना अशी. गर्दी झाल्याचें कळण्यासाठीं पाकीट गळण्याची वाट कां पाहावी? रांग एका ठराविक खुणेच्या पुढें गेली कीं स्विचानें येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर एक ठसा मारावा. ज्याला तें पाकीट पोंचेल, त्यानें तो ठसा पाठविणाऱ्याला कळवावा. ठसा मारण्याची ही सोय नवी नव्हती. २००१ सालींच ती इंटरनेटच्या नियमांत दाखल झाली होती, व स्विचांत ती बहुधा तयारच असे. परंतु जुन्या नियमाप्रमाणें एक ठसा दिसला काय आणि सर्व पाकिटांवर ठसे दिसले काय, वेग एकदम निम्म्यावर आणला जाई. अलीझादे व सहकाऱ्यांनीं ठसा आहे कीं नाहीं, एवढेंच न पाहतां ठसे किती आहेत, हें मोजावयास सांगितलें. दहा पाकिटांपैकीं एकावर ठसा असेल, तर गर्दी थोडी आहे. वेग शेंकडा ५ नें कमी करावा. निम्म्यांवर असेल, तर शेंकडा २५ नें. सर्वांवर असेल, तरच पूर्वीप्रमाणें निम्मा करावा. दोष जेवढा, तेवढीच शिक्षा.

याचा परिणाम असा कीं, हत्तीचा वेग फारसा खालावत नाहीं, पण रांग खुणेच्या आसपासच राहते. सेकंदाला शंभर कोटि बिटें नेणाऱ्या तारेसाठीं ही खूण त्यांनीं २० पाकिटांवर ठेविली होती. वीस पाकिटें म्हणजे ३०,००० बाइट. तीं ओसरण्यास पाव मिलिसेकंदही लागत नाहीं. आठ मिलिसेकंदांच्या मघांच्या हिशेबाशीं याची तुलना करून पाहावी. साठवणींत जागा मोकळी राहत असल्यामुळें अकस्मात् आलेल्या चाळीस उत्तरांच्या झुंडीलाही ती पुरते. नेहमींच्या टीसीपीइतकीच किंवा तिच्याहून अधिक वाहतूक शेंकडा ९० कमी साठवण वापरून होते, असें त्यांनीं निबंधांत नमूद केलें. नवीं यंत्रें बसवावीं लागलीं नाहींत. पाठविणाऱ्याच्या नियमांत थोडा फरक व स्विचांत एका आंकड्याची नेमणूक, एवढ्यानें हें साधलें.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जुन्या नियमानें वागणारे व नव्या नियमानें वागणारे एकाच रांगेंत उभे केले, तर त्यांचें जमत नाहीं. कोणा एकाच्या वांट्याला अन्यायानें फार थोडा वेग येतो. म्हणून २०१७ सालीं जेव्हां या पद्धतीचा तपशील इंटरनेटच्या नियमसंग्रहांत नोंदला गेला, तेव्हां ती एकाच मालकाच्या ताब्यांतील जाळ्यांतच वापरावी, उघड्या इंटरनेटवर वापरूं नये, असें स्पष्ट बजावण्यांत आलें. पुढें २०२३ सालीं दोन प्रकारच्या रहदारीसाठीं दोन वेगळ्या, पण एकमेकींशीं जोडलेल्या रांगा ठेवण्याची योजना त्या संग्रहांत आली. तिच्या मुळाशीं हीच कल्पना आहे.

अलीझादे यांनीं पुढें २०१२ सालीं सहकाऱ्यांसह एक अधिक धीट सूचना केली. तारेची क्षमता पूर्ण वापरूंच नये. सुमारें दहावा हिस्सा मुद्दाम मोकळा ठेवावा, म्हणजे रांग जवळजवळ लागणारच नाहीं. काटकसरी व्यवस्थापकाला हें पटणें कठीण. मोल देऊन घेतलेली तार रिकामी ठेवावयाची! पण ज्या रस्त्यावर गाड्या अगदीं खेटून धांवतात, त्या रस्त्यावर एका गाडीनें किंचित् वेग कमी करतांच सगळी रहदारी तुंबते, हें मुंबईकराला शिकवावयास नको. २०१३ सालच्या दुसऱ्या एका निबंधांत त्यांनीं व सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, ज्याचें उरलेलें काम सर्वांत थोडें, त्याला प्रथम वाट दिली, तर लहान संदेश फारच लौकर सुटतात. दुकानांत एक काडेपेटी घेण्यास आलेल्या माणसाला महिन्याचें सामान भरणाऱ्यानें पुढें जाऊं द्यावें, तसाच हा न्याय. अर्थात् आपलें काम किती उरलें आहे, हें प्रत्येकानें खरें सांगितलें पाहिजे. आणि तें एका घरांत शक्य आहे, भर बाजारांत नाहीं.

अलीझादे आज एमआयटी या विख्यात संस्थेंत प्राध्यापक आहेत. तरुण संगणकशास्त्रज्ञांना देण्यांत येणारें ग्रेस मरे हॉपर पारितोषिक २०२२ सालासाठीं त्यांना मिळालें, तें डेटा सेंटरच्या जाळ्यांवरील कार्याबद्दलच.

या प्रश्नाचें महत्त्व आतां पूर्वीपेक्षांही वाढलें आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं मोठालीं यंत्रणा शिकविण्याचें काम हजारों संगणक एकत्र करतात. मेटा कंपनीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या लामा ३ या यंत्रणेच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीसाठीं एका वेळीं १६,००० हून अधिक गणनयंत्रें जुंपलीं होतीं. प्रत्येक पायरीला त्यांना आपापलीं उत्तरें एकमेकांस द्यावीं लागतात. एकाचें उत्तर रांगेंत अडकलें, कीं बाकीचीं सर्व हात बांधून बसतात आणि वीज मात्र जळत राहते. पाकिटांवरील ठसे मोजून वेग बेतण्याची कल्पना या नव्या जाळ्यांसाठीं रचलेल्या पद्धतींतही वापरांत आली आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. यंत्र जितकें वेगवान् तितकी सोय अधिक, असा आपला साधारण समज असतो. या संशोधनानें दाखविलें तें निराळें आहे. तारा वेगवान् होत्याच. वेळ जात होता तो नियमामुळें, आणि तो नियमही वाईट नव्हता, दुसऱ्या जागेसाठीं केलेला होता. ज्याची गरज लहान व तांतडीची, त्याचा वेळ कोणामुळें जातो, हें मोजून पाहण्याचे श्रम कोणी तरी घेतले, तेव्हांच त्याला वाट मिळाली. जीं उत्तरें मुदतींत पोंचलीं नाहींत, तीं आपल्या दृष्टीस कधींच पडत नाहींत. त्यांची दाद लावणारा कोणी तरी त्या इमारतींत असला पाहिजे. ज्या समाजाचें ज्ञान दिवसेंदिवस अशा इमारतींतून येऊं लागलें आहे, त्यानें एवढी अपेक्षा ठेवणें अवाजवी नाहीं.